मेनूतील आज्ञा सक्षम-अक्षम करणे

डेस्कटॉप प्रोग्रामच्या मेनूतली एखादी आज्ञा त्या क्षणी लागू होत नसेल, तर ती यादीतून न काढता फिकी करून ठेवण्याची पद्धत. अशी आज्ञा दिसते, वाचता येते, पण क्लिक करून काही घडत नाही. मराठी भाषांतरांत यासाठी ‘सक्षम’ आणि ‘अक्षम’ ही जोडी वापरतात. बोलताना मात्र ‘ग्रे झालंय’ असेच ऐकू येते, आणि तेच बरे. ‘पेस्ट’ फिके दिसते तेव्हा उणीव बहुधा रिकाम्या क्लिपबोर्डची (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेची) असते, त्या आज्ञेची नाही.

आज्ञा जागेवर ठेवण्याचा फायदा हाताच्या सवयीला होतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मधले मेनू कमी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा चक्क लपवत असत. काल पाहिलेली आज्ञा आज कुठे गेली, हे शोधण्यातच वेळ जाई.

ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकामध्ये या कामासाठी ‘एनेबलआयटम’ आणि ‘डिसेबलआयटम’ अशा तयार आज्ञावली होत्या. प्रत्येक मेनूची स्थिती ३२ बिटांत (चालू-बंद अशा ३२ खुणांत) साठवली जाई: एक बिट अख्ख्या मेनूसाठी, उरलेले ३१ आतल्या आज्ञांसाठी. त्यामुळे बत्तिसाव्या आज्ञेपासून पुढची कोणतीही आज्ञा एकटी फिकी करता येत नसे. विंडोजमध्ये ‘ग्रेड’ आणि ‘डिसेबल्ड’ असे दोन वेगळे संकेत आहेत. दुसरा संकेत आज्ञा बंद करतो, पण ती फिकी करत नाही. तो का वापरावा, याचे पटेल असे कारण सापडणे कठीण.

खरी मेख आहे ती स्थिती कधी ठरवायची यात. फाइल उघडली, मजकूर निवडला, अशा प्रत्येक घटनेनंतर आज्ञा चालू-बंद करत बसले, तर एखादी घटना हमखास सुटते. म्हणून विंडोज मेनू उघडण्याच्या ऐन क्षणी प्रोग्रामला संदेश पाठवते, आणि तेव्हाच स्थिती तपासता येते. मॅकओएसवर प्रोग्राम लिहिण्याच्या ‘कोकोआ’ या साधनसंचात आज्ञा हाताळणारा प्रोग्रामचा कोणताच भाग सापडला नाही, तर ती आपोआप फिकी होते. एकच आज्ञा मेनूत, टूलबारवर आणि शॉर्टकटमध्ये असते. तिन्हींनी एकच उत्तर द्यावे म्हणून क्यूटी या साधनसंचात ‘क्यूॲक्शन’ आणि जावाच्या स्विंगमध्ये ‘ॲक्शन’ हा सामाईक घटक असतो.

पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) वापरणाऱ्यांना हा फिकेपणा शब्दांत कळतो: विंडोजवरचा एनव्हीडीए ‘अनअव्हेलेबल’ म्हणतो, ॲपलचा व्हॉइसओव्हर ‘डिम्ड’. आज्ञा का फिकी आहे, याचे कारण मात्र डोळस असो वा नसो, कोणालाच सांगितले जात नाही. म्हणूनच आज्ञा चालूच ठेवावी आणि क्लिक केल्यावर अडचण सांगावी, असे सॉफ्टवेअरवर लिहिणारे प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुचवले. पण प्रत्येक क्लिकला एक खुलाशाची चौकट, हाही जाचच.

विंडोजमधल्या साध्या मजकूर-संपादकाचे, नोटपॅडचे, उदाहरण बोलके आहे. त्याच्या ‘व्ह्यू’ मेनूत वर्षानुवर्षे ‘स्टेटस बार’ (ओळीचा क्रमांक दाखवणारी खालची पट्टी) ही एकच आज्ञा होती, आणि अनेकांना ती कायम फिकीच दिसे. गुन्हेगार शेजारच्या ‘फॉरमॅट’ मेनूत: तिथे ‘वर्ड रॅप’ चालू असेल तर ही बंद. रॅपमध्ये ओळी खिडकीच्या रुंदीनुसार मोडतात, मग स्टेटस बारवर ओळीचा क्रमांक कोणता दाखवायचा, हा पेच होता. पण ‘व्ह्यू’ उघडून बसलेल्याला हे कळावे कसे? विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ अपडेटमध्ये नोटपॅड रॅप चालू असतानाही ओळ-क्रमांक दाखवू लागले, आणि ती आज्ञा ठळक झाली.