शतावरी, गिनीपिग आणि ल्युकेमिया

ॲस्परॅगस ही भाजी खाल्ली की कॅन्सर बरा होतो, हा निरोप व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतोय. २०१८ साली बरोबर उलटी बातमी आली: ॲस्परॅगस टाळा, कॅन्सर पसरतो! मूळ प्रयोग स्तनाच्या कॅन्सरचे, तेही उंदरांवरचे, आणि मुद्दा होता ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाचा. १८०६ साली ते ॲस्परॅगसच्या रसातून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, म्हणून हे नाव. आपली शतावरी त्याच प्रजातीतली. पण ॲस्परॅजिन डाळी, दूध, अंडी, बटाटे या सगळ्यांत असतं, शिवाय शरीर ते स्वतःही बनवतं. एक भाजी सोडून त्याचा तुटवडा पडत नाही, आणि उपास करूनही नाही.

तुटवडा पाडता येतो तो इंजेक्शनने. न्यूयॉर्कमध्ये जॉन किड हे विकृतिशास्त्रज्ञ उंदरांच्या लिम्फोमावर (लसीका पेशींच्या कॅन्सरवर) प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडींचे, प्रयोग करत होते. प्रतिपिंडांना साथ द्यायला गिनीपिगचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, वापरलं जाई. १९५३ साली त्यांनी जाहीर केलं की नुसत्या गिनीपिगच्या सीरमनेच गाठी विरघळतात. घोड्याच्या किंवा सशाच्या सीरमने नाही. कोडं सोडवलं जॉन ब्रूम यांनी, १९६१ साली. गिनीपिगच्या रक्तात ॲस्परॅजिनेज हा विकर (एन्झाइम) भरपूर असतो, तो ॲस्परॅजिनचे ॲस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया असे दोन तुकडे करतो, आणि या गाठींना नेमकं ॲस्परॅजिनच बाहेरून लागतं.

निरोगी पेशीला ॲस्परॅजिन संपलं तरी चालतं. ती ॲस्पार्टिक आम्ल घेते, ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडून नायट्रोजनचा एक गट उचलते, एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्चते आणि माल घरीच तयार करते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत हे जोडकाम करणारा विकर फारच कमी असतो. रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनाच्या कारखान्यावर, प्रथिनाची साखळी विणता विणता ॲस्परॅजिनची जागा आली की काम तिथेच अडतं. प्रथिनं बनेनाशी होतात आणि पेशी मरते.

म्हणूनच या ल्युकेमियावर ॲस्परॅजिनेज टोचतात. पण ॲस्परॅजिन तोडणारा कुठलाही विकर औषध म्हणून चालत नाही. रक्तात ते लिटरमागे जेमतेम ५० मायक्रोमोल असतं. ई. कोलाय जिवाणूकडे दोन ॲस्परॅजिनेज आहेत. पहिल्याला नीट वेग यायला याच्या कैकपट दाट द्रावण लागतं. रक्तात तो जवळपास हातावर हात ठेवून बसेल. दुसरा दहा-बारा मायक्रोमोललाही निम्म्या वेगाने चालतो. औषध बनतं ते या दुसऱ्यापासून.

आता अडचण प्रतिकारशक्तीची. जिवाणूचं प्रथिन टोचलं की शरीर प्रतिपिंडं बनवणारच. कधी अंगावर गांधी उठतात, दम लागतो. निदान कळतं तरी. कधी काहीच दिसत नाही, पण विकर आतल्या आत निकामी झालेला असतो. ॲलर्जीची लक्षणं दाबायला स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिन आधीच दिली, तर पुरळ उठत नाही एवढंच, विकर वाचतोच असं नाही. म्हणून रक्तातली विकराची क्रियाशीलता मोजतात, मिलिलिटरमागे ०.१ युनिट ही सर्वमान्य किमान पातळी. विकराला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण चढवलं की तो टिकतो: साधा निम्मा व्हायला सव्वा दिवस, आवरण घातलेला साडेपाच-पावणेसहा दिवस. प्रतिपिंडं तयार झालीच, तर एर्विनियाच्या विकराकडे वळायचं. हा बटाट्याला कुज आणणाऱ्या जिवाणूंच्या गोतातला. ई. कोलायविरुद्धची प्रतिपिंडं त्याला सहसा ओळखत नाहीत, पण तो पंधरा-सोळा तासांत निम्मा होतो, त्यामुळे आठवड्यातून तीनदा टोचावा लागतो.

या उपचारात यकृतातली प्रथिननिर्मितीही मंदावते. रक्त गोठवणारी आणि गोठू न देणारी, दोन्ही प्रकारची प्रथिनं घटतात; त्यामुळे गुठळीचा आणि रक्तस्रावाचाही धोका असतो. पोटात दुखून कळ पाठीकडे जात असेल आणि उलट्या होत असतील तर स्वादुपिंडाला सूज आली असण्याची शक्यता आहे. पित्त समजून घरी थांबू नये.

क्रियाशीलतेऐवजी थेट ॲस्परॅजिन का मोजत नाहीत? कारण सुईतून नळीत आलेल्या रक्तात विकर काम करतच राहतो. नळी तासभर टेबलावर राहिली तर उरलंसुरलं ॲस्परॅजिनही संपतं, अमोनिया उगीच चढलेला दिसतो आणि रिपोर्ट दोन्ही बाबतींत फसवतो. अमोनिया तपासायचा असेल तर नळी लगेच बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावी.