‘तुम्ही फार तर सर्वसाधारण’: केव्हिन सॅम्युएल्स प्रकरणाची पार्श्वभूमी

५ मे २०२२ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात केव्हिन सॅम्युएल्स यांचं निधन झालं. स्त्री-पुरुष संबंधांवर रोखठोक सल्ले देणारे कृष्णवर्णीय यूट्यूबर ही त्यांची ओळख. यूट्यूबवर त्यांचे १४ लाखांहून जास्त सदस्य होते. बातमीला दुजोरा मिळण्याआधीच ती समाजमाध्यमांवर फिरू लागली होती. मुलगा गेल्याचं आपल्याला तिथूनच कळलं, असं त्यांच्या आईने एनबीसी या वृत्तवाहिनीला सांगितलं. पुढचे काही दिवस कृष्णवर्णीय अमेरिकी समाज उघडउघड दुभंगलेला दिसला. आपल्या बाजूने बोलणारा एकमेव माणूस गेला म्हणून असंख्य पुरुष हळहळले, तर त्यांच्या शब्दांनी दुखावलेल्या अनेक स्त्रियांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तसं लिहिलंही. उच्च रक्तदाब हे मृत्यूचं कारण नंतर वैद्यकीय तपासात स्पष्ट झालं.

सॅम्युएल्स मूळचे ओक्लाहोमाचे. सल्लागार म्हणून त्यांची सुरुवात पुरुषांच्या पेहरावापासून झाली: सूट कसा शिवून घ्यावा, कोणतं अत्तर लावावं, घड्याळ कोणतं शोभेल. त्यांना फार थोडे लोक ओळखत होते. २०२० च्या अखेरीस एका व्हिडिओने चित्र पालटलं. स्वतःचा व्यवसाय करून उत्तम कमावणाऱ्या एका स्त्रीला तितकाच कमावता जोडीदार हवा होता. सॅम्युएल्स यांनी तिला शांतपणे सुनावलं, की दिसण्यात तुम्ही फार तर सर्वसाधारण आहात. तो तुकडा लाखोंनी पाहिला.

त्यांच्या थेट कार्यक्रमाचा साचा ठरलेला होता. समोर सूट-टायमधले सॅम्युएल्स, आवाज खालच्या पट्टीत, आणि फोनवर किंवा पडद्यावर एखादी स्त्री. वय किती? उंची? वजन? कपड्यांचं माप? मुलं किती? आणि मग, स्वतःला दहापैकी किती गुण द्याल? ती आठ किंवा नऊ म्हणाली की एकेक गुण कापला जायचा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाकडचे जे मनात जोखतात ते इथे हजारो अनोळखी लोकांसमोर तोंडावर विचारलं जात होतं. वर्षाला किमान लाखभर डॉलर कमावणारा पुरुष म्हणजे ‘हाय व्हॅल्यू मॅन’, आणि असे पुरुष मोजकेच, त्यामुळे स्त्रियांनी आपल्या अपेक्षा आवराव्यात, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

हे सगळं शून्यातून आलेलं नव्हतं. एक धागा जातो लॉस एंजेलिसमधल्या रॉस जेफ्रीज यांच्याकडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते पुरुषांना स्त्री ‘पटवण्याचे’ वर्ग चालवत होते. २००५ साली पत्रकार नील स्ट्राउस यांच्या पुस्तकाने ही दुनिया घराघरांत पोचवली. माणसाला बाजारभाव असतो, तो वयानुसार चढतो-उतरतो, ही भाषा याच वर्तुळांत रुजली. दुसरा धागा सल्ल्यांच्या पुस्तकांचा. विनोदवीर स्टीव्ह हार्वी यांनी २००९ मध्ये, पुरुष कसा विचार करतात हे स्त्रियांना समजावणारं पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड खपलं. सॅम्युएल्स यांनी दोन्ही धागे एकत्र वळले.

पण इतक्या स्त्रिया स्वतःहून त्यांना फोन का करत होत्या? माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या प्रश्नात आहे, आणि त्याचं उत्तर यूट्यूबच्या फार आधीचं आहे.

गुलामगिरीत कृष्णवर्णीयांच्या लग्नाला कायद्याने मान्यताच नव्हती. मालक नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे विकू शकत असे. १८६५ नंतर मुक्त झालेल्या हजारो जोडप्यांनी आधी जाऊन लग्नाची नोंद केली, इतकं त्यांना ते मोलाचं होतं. शंभर वर्षांनी, १९६५ मध्ये, कामगार खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर अहवाल लिहिला. पुरुषांच्या बेकारीचं भान त्यात होतं, तरी चर्चा अडकली ती घर एकहाती चालवणाऱ्या बाईपाशी. समाजाच्या दुखण्याला तीच कारणीभूत, असा अर्थ काढला गेला. तो आरोप आजवर पुसला गेलेला नाही.

पुढे शहरांतले कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले. शिकागोचा अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की लग्न कमी होण्यामागे नोकरी असलेल्या पुरुषांची घटती संख्या हे मोठं कारण आहे. त्याच सुमारास १९८६ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला. ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे खड्यांच्या स्वरूपातलं कोकेन, सापडलं तर किमान पाच वर्षं कैद, आणि तेवढ्याच शिक्षेसाठी भुकटीच्या स्वरूपातलं कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागे. क्रॅकच्या गुन्ह्यांत पकडले गेलेले बहुतेक कृष्णवर्णीय होते. हा शंभरास एकचा फरक २०१० मध्ये कमी झाला, तोही अठरास एक इतकाच. तोपर्यंत एक अख्खी पिढी तुरुंगात जाऊन आली होती.

न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ मध्ये हिशोब मांडला: २५ ते ५४ वयोगटात तुरुंगाबाहेर असलेल्या दर १०० कृष्णवर्णीय स्त्रियांमागे तसे पुरुष फक्त ८३. गोऱ्यांमध्ये हाच आकडा ९९. कैद आणि अकाली मृत्यू यांमुळे रोजच्या जगण्यातून गायब झालेले पुरुष सुमारे १५ लाख. दुसरीकडे, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पदव्यांपैकी तीनात जवळपास दोन स्त्रियांच्या. शिकलेली, कमावती, आपल्याच समाजातला जोडीदार शोधणारी स्त्री या आकड्यांच्या मधोमध उभी असते. तिची ओढ खरी, तिची अडचणही खरी.

सॅम्युएल्स यांनी ही अडचण अचूक हेरली. जोडीदार दुर्मीळ आहेत, हे ते बरोबर सांगत. ते दुर्मीळ का झाले, याचं उत्तर मात्र ते कारखान्यांत किंवा कायद्यांत न शोधता समोरच्या बाईच्या वजनात, वयात आणि आवाजाच्या पट्टीत शोधत. मला त्यांचा सर्वांत मोठा दोष हाच वाटतो. ते पुरुषांनाही सोडत नसत, असं त्यांचे चाहते सांगतात, आणि पुरुषांनाही ते कमाई, शरीर, कपडे यांवरून फैलावर घेत हे खरं आहे. पण सर्वदूर पसरले ते स्त्रियांना नमवणारे तुकडेच.

यूट्यूबने २०१७ मध्ये सुपर चॅट आणल्यापासून थेट कार्यक्रमात प्रेक्षक पैसे मोजून आपला शेरा ठळकपणे झळकवू शकत होते. त्यात करोनाच्या टाळेबंदीने लोक घरात, एकटे, पडद्यासमोर. अपमान जितका झणझणीत तितकी गर्दी जास्त, अशी ती व्यवस्था होती.

मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी पस्तिशीनंतर अविवाहित राहिलेल्या स्त्रियांना ‘उरलेल्या’ म्हटलं आणि त्यांच्यात काहीतरी खोट असणार हे पुरुष जाणतात, असंही वर जोडलं. त्यांना समाजमाध्यमांवरून हटवावं अशी मागणी करणारी ऑनलाइन याचिका त्याआधीच फिरली होती. त्यांना हटवलं गेलं नाही.

त्यांची रिकामी जागा फार काळ राहिली नाही. स्त्रियांविषयी याहून आक्रमक बोलणारे अँड्र्यू टेट हे नाव त्याच उन्हाळ्यात जगभर गाजलं. ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने त्यांना बाहेर काढलं, आणि डिसेंबरअखेर रोमानियात त्यांना अटक झाली. स्त्री-पुरुष संबंधांवर अशाच सुरात बोलणाऱ्या मायामीच्या ‘फ्रेश अँड फिट’ या पॉडकास्टची यूट्यूबवरची कमाई ऑगस्ट २०२३ मध्ये बंद करण्यात आली. सॅम्युएल्स यांचे गुण कापणारे तुकडे मात्र अजूनही नव्या शीर्षकांनी, नव्या खात्यांवरून टाकले जातात, आणि विशीतली मुलं ते पाहून जोडीदाराकडून काय अपेक्षा ठेवायच्या ते शिकत आहेत.