हॅपी एंड : १९७१ मधील वाटचाल

हॅपी एंड या तोक्योच्या रॉक वाद्यवृंदाच्या कारकिर्दीत १९७१ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते : जपानी भाषेत रॉक गाता येते की नाही यावरचा वाद आणि ‘काझेमाची रोमान’ हा दुसरा अल्बम. हारुओमी होसोनो (बास), एइची ओताकी (गायन, गिटार), शिगेरू सुझुकी (गिटार) आणि ताकाशी मात्सुमोतो (ड्रम, गीतलेखन) हे त्याचे चार सदस्य होत.

पहिल्या अल्बमला (१९७०) ‘न्यू म्युझिक मॅगझिन’ने जपानी रॉकमध्ये अग्रस्थान दिले. त्यानंतर १९७१ च्या वसंतात त्याच मासिकातील परिसंवादात रॉक गायक युया उचिदा यांनी आक्षेप घेतला की, जपानी शब्द रॉकच्या चालीवर बसत नाहीत आणि जगापुढे जायचे तर इंग्रजीतच गावे. त्यांच्या पाठिंब्याचा फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड इंग्रजीतच गात असे. आक्षेपाला ध्वनिशास्त्रीय आधार होता. जपानीत दीर्घ स्वराचा उत्तरार्ध, अनुनासिक आणि द्वित्तातील पहिले व्यंजन यांनाही स्वतंत्र मात्रा मिळते. परिणामी चालीतील एका सुराला एक मात्रा या रूढ पद्धतीने गायल्यास ओळ एकसुरी होते आणि आघातांवर उभा असलेला ताल सैल पडतो. ओताकी यांनी स्वर लांबवून व शब्द मध्येच तोडून ही अडचण ओलांडली, तर मात्सुमोतो यांनी गीते लिहितानाच या तोडणीला वाव ठेवला.

जपानी रॉकची सुरुवात हॅपी एंडपासून मानण्याची प्रथा आहे. तथापि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘ग्रुप साउंड्स’ या प्रवाहातील जपानी रॉक-पॉप वाद्यवृंद जपानीत गातच होते आणि जॅक्स या वाद्यवृंदाचा पहिला अल्बमही १९६८ चा आहे. उलट होसोनो व मात्सुमोतो यांच्या आधीच्या एप्रिल फूल या वाद्यवृंदाची बरीच गीते इंग्रजीत होती. त्यामुळे आद्यत्वापेक्षा, बोलण्यातली भाषा आणि अमेरिकी लोकरॉकचा बाज यांचा मेळ वाद्यवृंदाने स्वतःच घातला, हे वैशिष्ट्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ऑगस्टमध्ये गिफू प्रांतातील नाकात्सुगावा येथील लोकसंगीत महोत्सवात हॅपी एंडने गायन केले. हा महोत्सव श्रोत्यांनी मुख्य रंगमंच ताब्यात घेतल्याने अर्ध्यावरच आटोपला.

नोव्हेंबरमध्ये यूआरसीने ‘काझेमाची रोमान’ प्रकाशित केला. सभासदांना थेट ध्वनिमुद्रिका पुरवण्यासाठी १९६९ मध्ये निघालेली ही कंपनी बड्या कंपन्या गीतांच्या आशयावर स्वतःहून घालत असलेल्या नियंत्रणाबाहेर होती. अल्बममध्ये मात्सुमोतो यांनी १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वीचे तोक्यो कल्पनेने पुन्हा उभे केले आहे. आओयामा, शिबुया आणि आझाबू हा त्या नगरीचा त्रिकोण होय. ‘काझे ओ आत्सुमेते’तील ट्राम याच नगरीतली आहे, प्रत्यक्ष तोक्योत तेव्हा ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होत होते. हे गीत होसोनो व मात्सुमोतो या दोघांनीच वाजवले आहे. ‘हाना इचिमोन्मे’ या गीताने सुझुकी संगीतकार म्हणून पुढे आले. डिसेंबरमध्ये ओताकी यांची पहिली एकल ध्वनिमुद्रिका निघाली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस वाद्यवृंद विसर्जित झाला.