पार्श्वभूमी : मक्याची ताटे आणि ‘कडबा’

‘मक्याचा कडबा’ हा शब्दप्रयोग सोलापूर जिल्ह्यात आता सर्रास कानावर पडत असला, तरी जुन्या ज्वारीकऱ्यांना तो खटकतो आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मका अमेरिका खंडातून आलेले पीक असून या अवर्षणप्रवण पट्ट्यात त्याचे स्थान दीर्घकाळ दुय्यमच राहिले. कडबा म्हणजे मुळात ज्वारीची वाळलेली धाटे, म्हणजे ताटे. रब्बी ज्वारी इथे मुळासकट उपटतात, आडवी पाडून वाळवतात, शेंड्यावरचे कणीस मोडून घेतात आणि उरलेले अखंड धाट पानांसकट पेंढीत बांधतात. पेंढ्यांचा भाव शेकड्यावर ठरतो. बाजरीचे ते सरमाड, चाऱ्यासाठी दाट पेरलेली हिरवी ज्वारी ती कडवळ आणि हिरवा मका तो मकवान, इतका काटेकोर भेद इथल्या बोलीत आहे. मक्याचे कणीस ताटाच्या मध्यावर, पानाच्या बेचक्यात धरते आणि बहुधा उभ्या पिकातूनच खुडले जाते. तोवर ताट करकरीत वाळून त्याची पाने फाटलेली असतात आणि कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, केल्याशिवाय जनावर त्याच्या टणक बुंध्याला तोंड लावत नाही. अशी ताटे कडब्याच्या नावाने गळ्यात मारली गेली, तर तक्रार केवळ शब्दाची राहत नाही.

या वादामागे धान्य की वैरण हा जुना पेच आहे. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून एम ३५-१ हा वाण निवडला गेला. १९६४ मध्ये देशातला पहिला संकरित ज्वारी वाण आला, तेव्हा भर धान्यावर होता आणि ताट बुटके. वैरणीचा हिशेब तिथे मागे पडला, असेच म्हणावे लागते. रब्बीत मालदांडी टिकली, त्यात कडब्याचा वाटा मोठा. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर मात्र पाण्यासोबत ऊस, दुभती जनावरे आणि मका वाढत गेले. कोवळ्या ज्वारीने होणाऱ्या विषबाधेची धास्ती मकवानाला नसल्याने गोठेवाल्यांनी ते उचलून धरले. पुढे मुरघास आला : दाणा चिकात असतानाच अख्खे झाड कापून, बारीक करून, हवाबंद दाबायचे. मक्याला धान्य म्हणून पिकू न देण्याची ही रीत रुळत असतानाच, २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी जिल्ह्यात शिरली आणि थेट मक्याच्या पोंग्यातच, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, बसली; चाऱ्याच्या पिकावर फवारावे, तर तोच चारा दुभत्या जनावरापुढे कधी टाकायचा, हा नवा प्रश्न उभा राहिला.