कमी पाण्यातली डी नदी आणि सॅमन : जून ते ऑगस्टमध्ये येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुम्ही स्कॉटलंडमधल्या डी नदीवर सॅमन मासा गळाने धरायला येणार आहात. बुकिंग करताना आमच्या फोटोंत तुम्ही पाहिलेली नदी एप्रिल-मेमधली आहे. जुलैत याल तेव्हा त्याच जागी अर्धं पात्र गोट्यांचं दिसेल आणि उरलेल्या अर्ध्यात तळातला दगडन्‌दगड मोजता येईल. दर उन्हाळ्यात आम्हाला फोन येतात, "पाणी नाहीये म्हणे, मग येऊ की नको?" जरूर या. फक्त वेळ, सामान आणि अपेक्षा, तिन्ही बदलून या. ते कसं, हे सांगायला हे पत्रक आहे.

पाणी का उतरतं

जुलै म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुथडी भरलेल्या नद्या येतात. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात गणित उलटं आहे. डी नदी केर्नगॉर्म डोंगरांत, ब्रेरिआखच्या माथ्याजवळ सुमारे 1,200 मीटर उंचीवर उगम पावते आणि ब्रेमार, बॅलटर, अ‍ॅबॉइन, बँकरी अशी गावं घेत अ‍ॅबरडीनला समुद्राला मिळते. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळून तिला गार पाणी पुरवत राहतो. जूनपर्यंत तो साठा संपतो, आणि मग नदी पावसाच्या भरवशावर. खोरं खडकाळ, ग्रॅनाइटचं; पाणी फार काळ धरून ठेवत नाही. मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, त्यामुळे कोयनेसारखं "वरून पाणी सोडा" म्हणायचीही सोय नाही. वर अ‍ॅबरडीन शहराचं पिण्याचं पाणी याच नदीतून उचललं जातं.

पाऊस झालाच तर नदी काही तासांत चढते आणि कोऱ्या चहाच्या रंगाची होते. चढत्या पाण्यात मासा सहसा लागत नाही. पाणी उतरू लागलं आणि निवळू लागलं की तो एखादा दिवस सोन्याचा. तुमच्या तारखेच्या आधल्या दिवशी डोंगरात जोरदार सर आली तर आम्हीच तुम्हाला फोन करू, झोप मोडली तरी.

मासा कुठे असतो, आणि गळाला का लागतो

समुद्रातून नदीत परतलेला अटलांटिक सॅमन काही खात नाही. आमिष दाखवून भुकेल्या माशाला फसवायचं, हा गळ टाकण्याचा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. तो फ्लायवर (गळाला पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या आमिषावर) का झेपावतो यावर नदीकाठी रोज वाद होतात. चीड, सवय, कुतूहल, समुद्रातल्या शिकारीची आठवण, असं प्रत्येकाचं मत वेगळं. आमचं मत विचाराल तर ताज्या माशात ती खोड जास्त असते, आणि डोहात आठवडे काढलेल्या माशात जवळजवळ उरत नाही.

कमी पाण्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. उन्हाळ्यात येणारे बरेच मासे ग्रिल्स असतात, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेले लहान सॅमन. नदी आटलेली असेल तर ते मुखाशी, खाऱ्या पाण्यात थांबून राहतात. अ‍ॅबरडीन बंदराच्या तोंडावर, टोरी बॅटरी या जुन्या किल्ल्याच्या कट्ट्यावरून जे डॉल्फिन बघायला लोक गर्दी करतात, ते याच थांबलेल्या माशांच्या मागावर असतात. रात्री भरतीबरोबर थोडे मासे आत शिरतात आणि अंधारातच वर सरकतात. सकाळी ते ताजे, चांदीसारखे मासे डोहाच्या माथ्याशी, जिथे खळाळती धार आत शिरते तिथे सापडतात, कारण हवा मिसळलेलं पाणी तिथेच असतं. माशाच्या अंगावर समुद्री उवा अजून चिकटलेल्या दिसल्या तर समजा, स्वारी समुद्रातून निघून फार दिवस झालेले नाहीत.

दुपारी डोहाच्या मधोमध तांबूस झालेला मोठा मासा धप्पकन उडी मारतो आणि नवखा पाहुणा तासन्‌तास त्याच्यावरच कास्ट करत, म्हणजे लाइन फेकत, बसतो. त्याच्या नादी लागू नका. तो उडी मारील, तुमच्याकडे बघेल, आणि गळाला मात्र शिवणार नाही.

घड्याळ

जूनअखेरीस अ‍ॅबरडीनला सूर्य सव्वाचारच्या आसपास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. आमचा उन्हाळी दिवस म्हणूनच दोन तुकड्यांत असतो: पहाटे चार ते आठ, आणि संध्याकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात झोपा, जेवा, बॅलटरला फिरून या. "पूर्ण दिवसाचे पैसे भरलेत, मग दुपारी बारालाही टाकू द्या" असा आग्रह होतो. टाकायला हरकत नाही, पण लख्ख उन्हात, काचेसारख्या पाण्यात मासा तुम्हाला आधी पाहतो.

रविवारी मात्र काहीच नाही. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्यानेच बंदी आहे. अ‍ॅबरडीनमध्ये नोकरी करणारी आपली मंडळी सुट्टी म्हणून नेमका रविवार मागतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो: शनिवार घ्या.

सामान : सगळं एक माप लहान

वसंतात वापरतात तो पंधरा फुटी दोन हाती रॉड या दिवसांत घरी ठेवा. दहा फुटांच्या आसपासचा एकहाती रॉड किंवा अकरा-बारा फुटी हलका दोन हाती रॉड पुरतो. लाइन तरंगणारी. लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा) बारा ते पंधरा फूट, म्हणजे जाड लाइनचं टोक माशापासून लांब राहतं. पाणी स्वच्छ म्हणून लीडर पार बारीक घेऊ नका. आठ पौंड ताण झेलणाऱ्या दोऱ्याच्या खाली आम्ही जाऊ देत नाही. बारीक दोऱ्यावर मासा वीस-वीस मिनिटं खेळवावा लागतो आणि गरम पाण्यात तीच दमछाक त्याला मारते.

फ्लायचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तितका फ्लाय लहान. मार्चमध्ये जिथे बोटभर ट्यूब (नळीवर बांधलेला फ्लाय) चालते, तिथे जुलैत 12 किंवा 14 नंबरचा गळ, कधी त्याहून छोटा. डीची जुनी ओळख असलेले ब्लू चार्म आणि लोगी आजही काम करतात. त्यांच्या जोडीला सिल्व्हर स्टोट आणि कॅस्केड. कमी पाण्यासाठी बांधलेल्या फ्लायचं अंग मुद्दाम किरकोळ ठेवतात: गळाच्या निम्म्या लांबीपर्यंतच दोरा-पीस, बाकी लोखंड उघडं. दुकानातला गुबगुबीत फ्लाय बघायला छान, पण इथे त्याची अर्धी पिसं आमचा गिली कात्रीने कापून टाकील. वाईट वाटून घेऊ नका. (गिली म्हणजे नदीवरचा आपला वाटाड्या. त्याचं ऐकायचं, हा आमच्याकडचा एकमेव बिनशर्त नियम.)

फ्लाय आम्ही देतो. गळाचा काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला असतो. तुम्ही स्वतःचे आणलेत तर पहिल्या कास्टआधी तेही दाबून घेऊ.

एक कास्ट, नीट

पाण्यात उतरायची घाई करू नका. उथळ पाण्यात बुटांचा करकर आवाज माशापर्यंत पोचतो, आणि बऱ्याचदा तो तुमच्या पायांशीच असतो. आधी काठावरून, वाकून, जवळच्या पाण्यात फ्लाय फिरवा. पोलराइज्ड चष्मा लावा, सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडू देऊ नका.

लाइन प्रवाहाच्या दिशेने, तिरपी, साधारण 45 अंशांत टाका. आता बघा: मधली धार वेगवान, काठचं पाणी संथ. धार लाइनच्या पोटाला ओढते, लाइन धनुष्यासारखी वाकते आणि फ्लाय मागून फरफटत येतो. मासा हे ओळखतो. म्हणून लाइन पाण्यावर टेकल्या टेकल्या रॉडचं टोक उचलून ते पोट अलगद वरच्या बाजूला, प्रवाहाविरुद्ध टाकून द्यायचं. याला मेंड करणं म्हणतात. फ्लाय हलू न देता नुसती लाइन उचलता आली की अर्धं काम झालं. ही युक्ती याच नदीवर गाजली. बँकरीजवळच्या केर्न्टन बीटवर (बीट म्हणजे नदीचा मासेमारीसाठी ठरवलेला पट्टा) आर्थर वुड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रेशमी लाइनला ग्रीस चोळून ती तरंगती ठेवली, मेंड करत करत बारीक फ्लाय पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडालेला चालवला, आणि हजारो सॅमन धरले. आज लाइन प्लास्टिकची आहे, ग्रीस लागत नाही; बाकी पद्धत तीच.

डोहाच्या संथ भागात उलट अडचण येते, तिथे प्रवाह फ्लायला हलवतच नाही. मग डाव्या हाताने लाइन हळूहळू ओढत राहायची. प्रत्येक कास्टनंतर प्रवाहाच्या दिशेने एक पाऊल.

कधी फ्लायमागे पाणी फुगतं, शेपटी वळताना दिसते, पण ओढ लागत नाही. लगेच पुन्हा टाकू नका. दोन मिनिटं थांबा, फ्लाय एक नंबर लहान करा, मग त्याच जागी टाका. तरीही नाही आला तर गिली फ्लायच्या मानेमागे लीडरची एक अर्धी गाठ मारून देईल, म्हणजे तो पाण्यावर आडवा घसरत इंग्रजी व्ही आकाराची रेघ ओढतो. हा न्यूफाउंडलंडकडचा जुना प्रकार. आणि सगळे उपाय हरल्यावर क्वचित लांब, काळी सनरे शॅडो ट्यूब झपाझप ओढली की कंटाळलेला मासाही चिडून धावतो. बारीक फ्लायचं इतकं पुराण सांगून शेवटी हे सांगावं लागतं, पण सॅमन आहेच असा.

ओढ लागली की रॉड हिसकू नका. मासा फ्लाय घेऊन वळेपर्यंत थांबायचं. इथले जुने लोक "गॉड सेव्ह द किंग" सावकाश म्हणून मग रॉड उचलतात. तुम्ही "गणपती बाप्पा मोरया" म्हणा, वेळ तेवढाच जातो.

थर्मामीटर

इथे आमच्याशी वाद घालून उपयोग नाही. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 20 अंशांना सुमारे 9. पाणी तापतं तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. अशा पाण्यात झुंजलेला मासा हातातून पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. म्हणून गिली दर फेरीला पाण्याचं तापमान मोजतो. 18 अंशांच्या वर गेलं की फक्त पहाटेची फेरी. 20 झालं की सगळ्यांचे रॉड बाहेर, मग डोहात समोर चार मासे दिसत असले तरी. डिसेंबर 2023 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची नोंद 'धोक्यात' अशी झाली. मासाच राहिला नाही तर आमचा धंदाही राहणार नाही, इतका सरळ व्यवहार आहे.

"घरी नेता येईल का?"

नाही. डी नदीवर धरलेला प्रत्येक अटलांटिक सॅमन सोडून देण्याची रीत अनेक वर्षांची आहे आणि आमच्याकडे तिला अपवाद नाही. संपूर्ण स्कॉटलंडात 1 एप्रिलआधी धरलेला सॅमन सोडणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि रॉडने धरलेला सॅमन विकणं कधीही बेकायदेशीर. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या आणि श्रावण पाळणाऱ्या मंडळींची यात सोयच आहे.

सोडतानाही पद्धत आहे. मासा गाठी नसलेल्या जाळीत, पाण्यातच ठेवायचा. हात आधी ओले करायचे. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा पाण्याबाहेर जेमतेम वर, काही सेकंद. काठावर, गवतावर किंवा छातीशी धरून नाही. मग तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात देऊन धरून राहायचं. कमी पाण्यात याला बरीच मिनिटं लागू शकतात. तो स्वतः जोर करून निघेल तेव्हाच हात काढा.

वेगळा नियम फक्त एका परक्या माशाला, तोही कधी कधीच. विषम सालांत, विशेषतः 2017 पासून, पॅसिफिकमधला गुलाबी सॅमन उन्हाळ्यात इथल्या नद्यांत येतो. रशियाने तो आपल्या उत्तरेकडच्या नद्यांत सोडला होता, तिथून तो पसरला. शेपटीवर मोठे काळे लंबगोल ठिपके असतात, नराच्या पाठीला कुबड. हा मासा परत सोडायचा नाही. पण ओळख गिली पटवेल, तुम्ही स्वतः ठरवू नका.

परवाने आणि इतर

स्कॉटलंडमध्ये, सीमेवरच्या एस्क नदीचा अपवाद सोडला तर, इंग्लंडसारखं सरकारी रॉड लायसन्स लागत नाही. मात्र सॅमनचा हक्क खासगी असतो आणि मालकाची लेखी परवानगी लागते. ती तुमच्या बुकिंगमध्ये आली. नॉर्वेत मासेमारी करून थेट इकडे येत असाल तर आधी सांगा. तिथल्या काही नद्यांत जायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाच्या परजीवीने सॅमन साफ केले आहेत, ब्रिटनमध्ये तो अजून नाही. तुमचे बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), जाळी आम्ही जंतुनाशकात बुडवून, वाळवूनच नदीवर नेऊ.

मिज नावाची चिलटं पहाटे आणि संध्याकाळी, नेमकी आपल्या वेळेला, वारा पडला की ढगाने येतात. डोक्यावरची जाळी आणा, तिला पर्याय नाही. गवतातल्या गोचिडीमुळे लाइम आजार होऊ शकतो, तेव्हा लांब पँट मोज्यात खोचा आणि रात्री अंग तपासा. जुलैतही पहाटे गारठा असतो. एक स्वेटर असू द्या.

तारीख बदलायची असेल तर

नदीची पातळी आणि पाणीटंचाईचे इशारे सेपा ही सरकारी संस्था आपल्या संकेतस्थळावर देते. आम्ही ते रोज बघतो, तुम्हीही बघा. तापमानामुळे आम्ही फेरी रद्द केली तर त्या फेरीचे पैसे परत, किंवा 15 ऑक्टोबरला हंगाम संपण्याआधीची दुसरी तारीख, तुम्ही म्हणाल तसं. सप्टेंबर मागितलात तर जागा लवकर भरतात. पाणी नुसतं कमी आहे म्हणून तुम्ही रद्द केलंत तर मात्र पैसे परत नाहीत, कारण कमी पाण्यात मासा लागतो. निघण्याच्या आधल्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत आमचा संदेश येईल: पाण्याची पातळी, तापमान, आणि पहाटे किती वाजता कुठल्या पुलाशी भेटायचं ते. संदेश नाही आला तर फोन करा. दरीत नेटवर्क जातं.