कॅटलॉग ही सर्व्हरची गुप्त वही नव्हे

‘डेटा टेबलांत असतो, पण टेबलांची माहिती सर्व्हर कुठल्याशा बंद फाइलमध्ये ठेवतो’, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ८.० आवृत्तीच्या आधी प्रत्येक टेबलाची व्याख्या खरोखरच वेगळ्या एफआरएम फाइलमध्ये असायची. बहुधा तिथूनच हा समज आला असावा.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मात्र सिस्टम कॅटलॉग, म्हणजे टेबलांबद्दलची ही माहिती, चक्क टेबलांतच असते, साध्या सिलेक्ट क्वेरीने वाचता येणाऱ्या. पीजी_क्लासमध्ये प्रत्येक टेबल, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि व्ह्यूची (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) एकेक ओळ, पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमध्ये स्तंभांच्या ओळी, पीजी_टाइपमध्ये डेटाप्रकारांच्या. ओआयडी नावाच्या क्रमांकाने त्या एकमेकींशी जोडलेल्या. पीजी_क्लासची स्वतःची ओळही पीजी_क्लासमध्येच आहे, क्रमांक १२५९!

मग कॅटलॉग वाचायला आधी कॅटलॉगच लागणार, नाही का? हा पेच सोडवायला मोजक्या मूळ टेबलांच्या फाइलींचा पत्ता एका छोट्या मॅप फाइलमध्ये ठेवतात, म्हणून पीजी_क्लासमधल्या त्यांच्या ओळीत रेलफाइलनोड (फाइलचा क्रमांक) शून्य दिसतो. अफवेत तथ्य असलंच तर एवढंच.

टेबलांची माहिती दाखवणारा इन्फर्मेशन स्कीमा हा मात्र कॅटलॉग नाही. ते त्यावर रचलेले व्ह्यू आहेत.

आणि स्तंभ ड्रॉप केला, म्हणजे काढून टाकला, तरी पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमधली त्याची ओळ जात नाही. अ‍ॅटइजड्रॉप्ड (‘स्तंभ काढला’ ही खूण) ट्रू होतं, नावाच्या जागी ठिपक्यांमधलं एक बनावट नाव येतं आणि त्या स्तंभातली जुनी मूल्यं, टेबलातली त्यांची ओळ पुन्हा लिहिली जाईपर्यंत, डिस्कवर तशीच पडून राहतात. ड्रॉपनंतर टेबलाचा आकार लगेच का घटत नाही, ते यातून कळतं.