क्लिनिकल ट्रायलमधे पेशंटचं नाव घालायचंय? आधी ब्लॉक, तारखा आणि संमतीपत्र समजून घ्या

सोलापूर, नांदेड, जळगावहून लोक रात्रभर प्रवास करून मुंबई-पुण्याला येतात, हातात फाईल असते आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की तिथे नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, नाव घाला. त्यातले बरेचजण परत जातात. ट्रायलच्या भाषेत याला स्क्रीन फेल म्हणतात. काहींचा आजारच त्या ट्रायलमधे बसत नाही, त्याला कुणाचाच इलाज नाही. पण मी ट्रायलच्या टेबलामागे बसून बघते तेव्हा जीव तुटतो तो दुसऱ्या लोकांसाठी, ज्यांचा आजार बसत होता, वय बसत होतं, आणि तरी ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) मिळाला नाही, स्कॅन जुना झाला किंवा कुणाच्यातरी सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या म्हणून संधी गेली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ट्रायल ही सरकारी योजना नाहीये. महात्मा फुले योजनेसारखं कार्ड दाखवलं आणि उपचार सुरू झाले असं इथे नसतं. एखादं औषध किंवा तपासणी खरंच उपयोगी आहे का ते शोधायला ट्रायल असते, त्यामुळे बऱ्याच ट्रायलमधे पेशंटचे गट पाडतात आणि कुणाला नवीन औषध, कुणाला नेहमीचं, हे कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. काही ट्रायलमधे एका गटाला प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी असते आणि त्याने उपचार होत नाही हे संमतीपत्रात स्पष्ट लिहावंच लागतं. "आम्हाला नवीनच द्या" असं इथे चालत नाही, हे घरून निघतानाच माहीत असलेलं बरं.

ट्रायल शोधायची कुठे तर सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था ती चालवते, २००७ पासून आहे, १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंदणी बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंदणी लागते. कुणीही फुकट बघू शकतं. पण वेबसाईट वाचायला किचकट आहे, आणि लोक तिथेच फसतात. रिक्रूटमेंट स्टेटस दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, एक जगभरातलं आणि एक भारतातलं, तुम्ही भारतातलं बघा. तिथे 'ओपन टू रिक्रूटमेंट' असेल तरच पुढे जा. मग खाली साईट्सची यादी असते, कुठलं हॉस्पिटल, कुठले डॉक्टर, फोन, ईमेल. आधी फोन करा, कारण पानावर ओपन दिसलं तरी त्या हॉस्पिटलच्या जागा भरलेल्या असू शकतात आणि हे पान वेळेवर अपडेट करायची तसदी सगळेच घेत नाहीत, ही चीड आणणारी गोष्ट आहे पण आहे. अजून एक, सीटीआरआय नंबर म्हणजे सरकारची मंजुरी नव्हे, ती फक्त नोंद आहे. एथिक्स कमिटीची (पेशंटच्या हिताच्या दृष्टीने ट्रायल तपासणारी समिती) मंजुरी आणि नवीन औषध असेल तर डीसीजीआयची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी, हे दोन्ही रकाने त्याच पानावर असतात, तेही बघा. आणि टाईपमधे 'ऑब्झर्वेशनल' लिहिलेलं असेल तर तिथे औषध मिळणार नाही, फक्त माहिती किंवा नमुने गोळा करतात.

आता पात्रता. त्याच पानावर कोणाला घेणार आणि कोणाला नाही अशा दोन याद्या असतात. डायबिटीसची ट्रायल असेल तर एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर ठरावीक पट्ट्यातच हवी, मेटफॉर्मिनचा डोस काही महिने न बदललेला हवा, असलं असतं. कॅन्सरमधे बहुतेक वेळा 'मोजता येणारी गाठ' मागतात, म्हणजे सीटीवर निदान १० मिलिमीटर, आणि लिम्फ नोड म्हणजे लसिकाग्रंथी असेल तर तिच्या आखूड बाजूच्या मापात १५ मिलिमीटर. ऑपरेशनमधे सगळी गाठ काढून झाली असेल तर ही चांगली बातमी आहे पण अशा ट्रायलसाठी पेशंट बसत नाही, आणि नातेवाईकांना हे पटवताना फार जड जातं. हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हरचे आकडे, हिपॅटायटिस बी, पेशंट स्वतः किती हिंडतोफिरतो, हे सगळं बघतात. हे आकडे अडवायला ठेवलेले नाहीत. किडनी अर्धी चालत असताना नवीन औषध दिलं तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून "साहेब, पॉइंट दोननेच कमी आहे, बघा ना जरा" किंवा आमदारांचं पत्र, याचा काही उपयोग नाही, डॉक्टरच्या मनात असलं तरी त्यांना नियम वाकवता येत नाही.

कागदपत्रांत आधार किंवा कुठलंही फोटोचं ओळखपत्र, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट हे सगळे आणतातच. फक्त नाव आणि वय जुळतंय ना ते बघा, बायोप्सीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर तो रिपोर्ट ह्याच बाईंचा हे सिद्ध करण्यात दिवस जातात. लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत असेल तर सोबत ठेवा.

जे कुणाकडेच नसतं ते म्हणजे ब्लॉक. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, आगपेटीहून लहान प्लॅस्टिकची चौकट, त्यात पांढरट मेण, मधे तांबूस-करडा ठिपका आणि कडेला बारीक अक्षरात नंबर. तोच पेशंटच्या आजाराचा मूळ पुरावा. बऱ्याच कॅन्सर ट्रायलमधे त्याच्यावर नव्याने टेस्ट करतात, म्हणून नुसता रिपोर्ट चालत नाही आणि रंगवलेल्या स्लाइडही बऱ्याचदा पुरत नाहीत. लोक रिपोर्टच्या चार झेरॉक्स आणतात आणि ब्लॉक गावाकडच्या लॅबमधेच राहतो. मग परत जा, लॅबवाला म्हणणार अर्ज द्या, अर्ज दिला की म्हणणार पेशंटची सही हवी, सही आणली की सर बाहेर गेलेत परवा या, आणि काही लॅब तर सरळ सांगतात की ब्लॉक देत नाही. पेशंटच्या शरीरातला तुकडा आहे, पुढच्या उपचारासाठी मागतोय, आणि त्यासाठी माणसाला इतकं फिरवतात याचा मला खरंच राग येतो.

म्हणून मुंबईला निघायच्या आधीच हे काम करा. बायोप्सी रिपोर्टवर वरच्या बाजूला पॅथॉलॉजीचा नंबर असतो, तो अर्जात लिहा, तो नसेल तर त्यांना सापडणार नाही. पेशंटच्या सहीचा अर्ज, पेशंटचं आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र, मूळ रिपोर्ट दाखवायला, एवढं एका फेरीतच न्या. ट्रायलच्या हॉस्पिटलकडून ब्लॉक मागणारं पत्र मिळत असेल तर फार सोपं जातं, फोनवरच विचारा. अख्खा ब्लॉक देत नसतील तर न रंगवलेल्या स्लाइड कापून मिळतील का आणि ट्रायलला किती लागतात ते विचारून घ्या. ब्लॉक नेताना उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. आणि काम झाल्यावर परत कधी मिळणार ते लिहून घ्या. सीटी-एमआरआयचंही तसंच, फिल्म आणि रिपोर्ट आणतात पण सीडी आणत नाहीत. माप कॉम्प्युटरवर घ्यायचं असतं, फिल्मवर पट्टी लावून नाही. सीडी निघाल्याबरोबर तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडते का बघा, कोऱ्या सीडी हातात पडलेले लोक मी पाहिलेत.

तारखांचा घोळ सगळ्यात जास्त. फोनवर सांगितलेलं असतं की स्कॅन २८ दिवसांच्या आतला हवा, बऱ्याच कॅन्सर ट्रायलमधे तसंच असतं, आणि लोक समजतात की इथे पोचेपर्यंत २८ दिवस. तसं नाहीये. हे दिवस स्कॅन केला त्या तारखेपासून ते ट्रायलमधे प्रत्यक्ष घेण्याच्या किंवा पहिला डोस देण्याच्या दिवसापर्यंत मोजतात, रिपोर्ट हातात पडला त्या तारखेपासून पण नाही. म्हणजे स्कॅन ३ जूनला झाला, रिपोर्ट ६ ला मिळाला, तुम्ही २० ला आलात, तर वाटतं अजून वेळ आहे, पण १ जुलैला मुदत संपली आणि मधल्या अकरा दिवसांत रक्त, ईसीजी, ब्लॉकची टेस्ट सगळं व्हायचं असतं. ब्लॉकचा रिपोर्ट ५ जुलैला आला की स्कॅन परत. रक्ताच्या तपासण्यांची मुदत तर अजून कमी असते. म्हणून घाईघाईने खाजगीत हजारो रुपये भरून सगळ्या टेस्ट करून येऊ नका. नेहमीच्या उपचारासाठी झालेला स्कॅन मुदतीत असेल तर चालू शकतो, पण फक्त ट्रायलसाठी लागणाऱ्या टेस्ट संमतीपत्रावर सही झाल्यावरच करायच्या असतात. त्यातलं काय फुकट आणि काय तुमच्या खिशातून हे सही करायच्या आधी विचारा, कारण कंपनीची ट्रायल आणि हॉस्पिटलने स्वतः चालवलेली ट्रायल यांत खर्चाचा फरक पडतो.

औषधांबद्दल हात जोडून सांगते, ट्रायलसाठी म्हणून स्वतःहून कुठलंही औषध बंद करू नका. आधीच्या औषधाचा अंश शरीरातून जावा म्हणून काही आठवड्यांचं अंतर मागतात हे खरं, पण ते डॉक्टर ठरवतात आणि बहुतेक वेळा त्या एका औषधापुरतंच असतं. लोक ऐकतात 'औषध बंद पाहिजे' आणि बीपीची, शुगरची, फिटची गोळी बंद करून येतात, मग बीपी इतकं चढलेलं असतं की ट्रायल राहिली बाजूला, कॅज्युअल्टीत न्यावं लागतं. आणि लपवूही नका. काढा, भस्म, गावच्या वैद्याच्या पुड्या, गुडघ्यासाठी घेतलेलं इंजेक्शन, सगळं सांगा, पुडीत स्टिरॉईड असू शकतं आणि ते नवीन औषधावर काय परिणाम करेल कुणाला माहीत नसतं. दुसऱ्या कुठल्या ट्रायलमधे आधी होतात का तेही.

संमतीपत्रावर अडणारी सगळ्यात अवघड गोष्ट कागदाची नाहीच. "आईला सांगितलेलं नाहीये तिला काय झालंय, तुम्ही पण बोलू नका, सही मी करतो" असं मुलगा दारातच कानात सांगतो. मला त्याचं प्रेम कळतं. पण पेशंट शुद्धीवर आहे, समज आहे, तर सही तिचीच लागते आणि आजाराचं नाव, धोके, दुसरे उपाय सगळं तिला समजावून झाल्यावरच लागते. मुलाची सही फक्त पेशंट स्वतः निर्णय घेऊच शकत नसेल तेव्हा. घरी, आपल्या माणसांत, आईला आधी सांगा, आमच्या टेबलावर फॉर्म वाचताना तिला पहिल्यांदा कळावं असं कुणाच्याही आईच्या बाबतीत होऊ नये.

पेशंटला वाचता येत नसेल तर पूर्ण वेळ एक साक्षीदार बसायला हवा, लिहिता-वाचता येणारा आणि ट्रायलशी संबंध नसलेला, आमच्यातला माणूस चालत नाही. म्हणून दोघंतिघं आलात तर बरं. मुलांसाठी आईवडिलांची संमती, शिवाय आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाचा तोंडी आणि बारापासून लेखी होकार. काही ट्रायलमधे संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, ते नियमात आहे, घाबरू नका. फॉर्म मराठीतला मागा. घरी न्यायला द्या म्हणा, दोन दिवस विचार करा, आपल्या फॅमिली डॉक्टरला दाखवा. घाई करणाऱ्याला सांगा थांबा.

फॉर्ममधे वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता विचारतात आणि तिथे लोक बिचकतात. काहीजण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारून येतात. नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांत दिलेल्या फॉर्मच्या नमुन्यात फक्त उत्पन्न लिहायची जागा आहे, दाखल्याचा उल्लेख नाही. आणि त्याच नियमांतल्या भरपाईच्या सूत्रात उत्पन्न नाहीच, ८ लाख मूळ रक्कम, वय आणि आजाराचा धोका यावर ते चालतं, म्हणजे शेतमजूर आणि बँक मॅनेजर एकाच वयाचे, एकाच स्थितीतले असतील तर हिशोब एकच. वारसाची जागा मात्र रिकामी सोडू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर पैसे कुणाला द्यायचे हे त्यावर ठरतं, 'बायको' एवढंच लिहू नका, आधारवरचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. ट्रायलमुळे दुखापत झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत, ती ट्रायलमुळे नव्हती असं सिद्ध होत नाही तोपर्यंत. सही केल्यावर भरलेल्या फॉर्मची प्रत आणि माहितीपत्रक तुमच्या हातात मिळालंच पाहिजे, तो हक्क आहे, ते घेतल्याशिवाय उठू नका. आणि ट्रायल मधेच सोडता येते, त्यासाठी कुणी नेहमीचे उपचार नाकारू शकत नाही.

ट्रायलमधे घेतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून निघा. विशेषतः ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची दुखापत यासाठी स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणाऱ्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटसारख्या वापराशिवाय बाकी सगळा स्टेम सेल वापर हा संशोधन आहे, तो मंजूर ट्रायलमधेच व्हायला हवा आणि त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. शेत विकून आलेले आईबाप बघवत नाहीत. एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आणि सीटीआरआय नंबर मागा, टाळाटाळ झाली की समजून घ्या.

निवड झाली नाही तर नुसतं 'नाही बसत' ऐकून जाऊ नका, कुठला मुद्दा बसला नाही ते विचारून फाईलवर लिहून घ्या. हिमोग्लोबिन किंवा इन्फेक्शनसारखी सुधारणारी गोष्ट असेल तर काही ट्रायलमधे पुन्हा तपासणी करता येते, किती दिवसांनी ते तिथेच विचारा. आजाराच्या प्रकारामुळे नाही म्हटलं असेल तर त्या प्रकारासाठी दुसरी ट्रायल कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं पण ओपीडीच्या गर्दीत आपणहून सांगायचं राहून जातं. आणि ब्लॉक, सीडी परत घेऊन जा, पुढच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तेच मागणार आहेत.